तोक्योची शाखा बेशिस्त आणि आपण काटेकोर? प्रदेशाचा स्वभाव मोजता येतो का?

प्राची_ऐरोली
ऐरोलीत एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते. गेल्या महिन्यात आमच्या सगळ्या शाखांची व्यक्तिमत्त्व चाचणी झाली. नेहमीचीच पाच गुणांची: नव्याची ओढ, काटेकोरपणा, चारचौघांत रमणं, जुळवून घेणं आणि चटकन अस्वस्थ होणं. 'मी हातातलं काम वेळेत संपवतो' अशी वाक्यं, आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे.

शाखांची सरासरी काढल्यावर काटेकोरपणात ऐरोली सगळ्यात वर आणि तोक्यो सगळ्यात खाली! अहवाल चार मिनिटं उशिरा आला तर माफीची मेल पाठवणारी माणसं ही. साहेबांनी मात्र तो तक्ता बघून बैठकीतच ठरवून टाकलं की नव्या प्रकल्पाची देखरेख तोक्योकडून काढायची. मग जेवायच्या टेबलावर सगळ्यांनाच जोर चढला. पंजाबी असेच, मद्रासकडचे तसेच, आपले घाटावरचे असे, कोकणातले तसे.

मला हे मनापासून खटकलंय. माणसाचा स्वभाव प्रदेशाप्रमाणे बदलतो का? बदलत असेल तर तो मोजायचा कसा? वाचलेलं, पाहिलेलं, काहीही सांगा. 'अमुक जातीचे लोक तमुक' एवढं मात्र धाग्यावर नको.

खाडीपलीकडे
चाचणी कशाला? सकाळी आठ वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं करा. पाचही गुण दोन मिनिटांत कळतात.

निवृत्त_मास्तर
प्राचीताई, बदलतो. माझं आयुष्य नौपाड्यात गेलं. वाड्यात दारं उघडी असायची, कुणाकडे पाहुणा आला की चहाची भांडी शेजारून यायची. तीच कुटुंबं आता घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये आहेत आणि मजल्यावरच्या समोरच्या घराचं आडनाव त्यांना ठाऊक नाही. जागेला स्वभाव असतो आणि तो माणसात उतरतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

संशयात्मा
मास्तर, आदर ठेवून असहमत. माणसं तीच, दारं बंद झाली, एवढंच तुम्ही दाखवलंत. वाड्यात सामाईक नळ होता, सामाईक जिना होता. टॉवरमध्ये नळ घरात आणि लिफ्ट बंद डब्यासारखी. यात स्वभाव कुठे आला?

आणि स्वतःबद्दल स्वतःच गुण द्यायचे, त्यावरून देखरेख कुणाची हे ठरवायचं? यापेक्षा कुंडली बरी, तिच्यात निदान जन्मवेळ तरी खरी असते.

तोक्यो_रिटर्न
प्राची, तुमचा तक्ता नवा नाही. २००७ मध्ये ५६ देशांतल्या सुमारे १७,८०० लोकांच्या अशाच चाचणीचे निकाल छापून आले होते. त्यातही काटेकोरपणात जपान आणि कोरिया तळाशी होते, आफ्रिकेतले काही देश वर होते.

तोक्योत मी नोकरी केली आहे. माझा एक सहकारी कामाच्या वेळेच्या अर्धा तास आधी येऊन टेबल पुसायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, 'मी जरा ढिलाच आहे.' त्याच्या डोळ्यांसमोर तुलनेला होता त्याचा वरिष्ठ, जो एक तास आधी यायचा. आपण स्वतःला मोजतो ते आजूबाजूच्या माणसांशी. ऐरोलीतला माणूस ऐरोलीतल्यांशी तुलना करतो, तोक्योतला तोक्योतल्यांशी. मग दोघांचे आकडे एका तक्त्यात मांडायचे कसे?

घणसोलीकर_सातारी
तोक्यो_रिटर्न +१. माझे वडील कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. टोळीत सगळे आमच्याच भागातले. त्यांना विचारलं असतं 'तुम्ही मेहनती आहात का?' तर म्हणाले असते, मधला आहे. पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर टाकून दिवस काढणारा माणूस स्वतःला मधला म्हणतो, कारण टोळीत त्याच्यापेक्षा तगडे दहा जण आहेत.

सायली_पाचपाखाडी
मानसशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांबद्दल. २००५ मध्ये अँटोनिओ टेराचियानो, रॉबर्ट मॅक्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९ संस्कृतींमधल्या सुमारे ४००० लोकांना विचारलं, 'तुमच्या देशातला नमुनेदार माणूस कसा असतो?' मग ती उत्तरं त्याच देशांतल्या प्रत्यक्ष माणसांच्या चाचण्यांशी ताडून पाहिली. मेळच बसला नाही. कॅनडाचे लोक स्वतःला फार सालस समजतात आणि अमेरिकेचे स्वतःला ठासून बोलणारे. प्रत्यक्ष गुण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे. 'आमचे लोक असे' हे चित्र लहानपणापासून ऐकून पक्कं होतं, मोजून नाही.

दुसरं, सरासरीत फरक निघाला तरी तो लहान असतो. एकाच इमारतीतल्या दोन माणसांमधला फरक दोन देशांच्या सरासरीतल्या फरकाहून सहज मोठा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसातल्या या फरकांपैकी साधारण निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा असतो. हा हिशेब एका समाजाच्या आतल्या फरकांचा आहे. त्यावरून दोन प्रदेशांमधला फरक रक्तातला आहे, असं म्हणता येत नाही.

संशयात्मा
सायलीताई, नाण्याची दुसरी बाजूही सांगा ना. २००८ मध्ये स्टीव्हन हाइने आणि मंडळींनी चाचण्या बाजूला ठेवून प्रत्यक्ष वागणं घेतलं. रस्त्यावर लोक किती झपझप चालतात, टपाल कचेरीतला कारकून तिकीट किती वेळात देतो, बँकेतली घड्याळं किती बरोबर असतात. देशादेशाबद्दल लोकांची जी समजूत होती ती या वागण्याशी जुळली. लोकांनी स्वतःला दिलेले गुण जुळले नाहीत. म्हणजे टेबलावरची बडबड चाचणीपेक्षा खरी निघाली!

सायली_पाचपाखाडी
बरोबर, तो अभ्यास आहे आणि महत्त्वाचा आहे. पण कारकून तिकीट पटकन देतो यात त्याचा स्वभाव किती आणि कचेरीची व्यवस्था किती? घड्याळ नीट चालतं ते किल्ली देणाऱ्याच्या काटेकोरपणामुळे, की देखभालीला पैसे आहेत म्हणून? श्रीमंत देशात दोन्ही गोष्टी सोप्या होतात. 'जपानी माणूस स्वभावानेच काटेकोर' इथवर मी तरी अजून जाणार नाही.

वऱ्हाडी_खारघर
मी नागपूरची. लग्नानंतर खारघरला आले. आमच्याकडे न सांगता पाहुणा येणं म्हणजे आनंद, 'जेवूनच जाजो' हे वाक्य दारातच. इथं मी मैत्रिणीकडे न कळवता गेले तर ती दोन मिनिटं गोंधळली. आता मीपण आधी मेसेज करते.

पण सांगू का, स्वभाव नाही बदलला. नागपूर स्टेशनवर उतरलं की त्याच दिवसापासून मी पुन्हा न सांगता घरोघर. आणि माझ्या सासूबाई, ज्या इथं सोसायटीत कुणाशी फार बोलत नाहीत, त्या नागपूरला आल्या की गल्लीभर फिरतात. हे कुठल्या खान्यात बसवायचं?

खाडीपलीकडे
वऱ्हाडीताई, पत्ता द्या. न सांगता येतो.

वऱ्हाडी_खारघर
या की! सावजी रस्सा सोसत असेल तरच पण.

सायली_पाचपाखाडी
वऱ्हाडी, तुम्ही जे सांगितलंत त्यावर भारतातलाच एक जुना आणि सुंदर अभ्यास आहे. १९८४ मध्ये जोन मिलर यांनी म्हैसूर आणि शिकागोतल्या लोकांना विचारलं, 'तुमच्या ओळखीच्या कुणीतरी चांगलं किंवा वाईट काही केलं असेल तर ते का केलं?' शिकागोची मोठी माणसं म्हणाली, तो तसाच आहे, गर्विष्ठ आहे, दयाळू आहे. म्हैसूरची मोठी माणसं सांगत होती की त्याचं नातं काय होतं, प्रसंग काय होता, त्याच्यावर जबाबदारी कोणती होती. आठ वर्षांच्या मुलांमध्ये मात्र हा फरक जवळपास नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला.

मला हा अभ्यास आवडतो कारण तो 'कोण कसा आहे' हे विचारतच नाही. माणसाकडे बघायची सवय प्रदेशाप्रमाणे कशी घडते, ते दाखवतो. आपल्याकडे बायका शेजारणीबद्दल सांगताना 'ती प्रेमळ आहे' म्हणून थांबत नाहीत. 'माझ्या बाळंतपणात पंधरा दिवस डबा दिला' असं सांगतात.

निवृत्त_मास्तर
सायलीबाई, तिसरी-चौथीच्या वर्गात मीही हेच पाहिलं. बिहारचा, रत्नागिरीचा, जौनपूरचा, सगळी पोरं एकसारखी. दहावीला येईपर्यंत प्रत्येकाचं घर त्याच्या बोलण्यात दिसायला लागायचं.

संशयात्मा, नळ आणि जिन्याचं तुमचं म्हणणं मी वाचलं. पण तीस वर्षं सामाईक नळावर काढलेला माणूस टॉवरमध्ये गेला तरी पहिली काही वर्षं दार लोटूनच ठेवतो. सवय अंगात मुरते. त्यालाच आमच्या पिढीत स्वभाव म्हणायचे.

कांदाभजी
अवांतर: ट्रेनबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मध्य रेल्वेच्या लेडीज डब्यात चौथी सीट मागायची नसते, सरकून मिळतेच. वाढदिवस, हळदीकुंकू, मटार सोलणं सगळं डब्यात. ट्रान्स हार्बरला ठाण्याहून वाशीला जाते तेव्हा बहुतेक जणी कानात घालून गप्प. माझ्या मते कारण साधं आहे, कर्जत-कसाऱ्याकडच्या बायका वर्षानुवर्षं तीच गाडी, तोच डबा पकडतात. ठाणे-वाशी गाड्या २००४ मध्ये सुरू झाल्या, प्रवासही छोटा. गट जमायला वेळ लागतो.

घणसोलीकर_सातारी
पुरुषांच्या डब्यात चौथी सीट मागावीच लागते. आणि भजनाचा डबा विसरू नका.

तोक्यो_रिटर्न
गट जमायला वेळ लागतो, यावरून होक्काइदो आठवलं. जपानच्या उत्तरेचं हे बेट. १८६८ नंतर, मेइजी काळात तिथे मुख्य बेटांवरून मोठ्या प्रमाणावर वस्ती झाली. गाव, जमीन, भाऊबंद मागे टाकून लोक थंडीत जंगल तोडायला गेले. २००६ मध्ये शिनोबु कितायामा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. ते बाकीच्या जपान्यांपेक्षा काही बाबतींत अमेरिकनांच्या जवळचे निघाले, स्वतःच्या निवडीला, स्वतःच्या मर्जीला जास्त वजन देणारे. जे घर सोडून निघतात ते वेगळे असतात, आणि त्यांनी वसवलेल्या जागी तीच रीत पुढे चालते, असा तर्क.

मला नवी मुंबई तशीच वाटते. सिडको १९७० ची, वाशीला रेल्वे आली १९९२ मध्ये. इथे पन्नाशीच्या पुढचा जवळपास प्रत्येक जण कुठून तरी निघून आलेला आहे. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा इथला पहिला प्रश्न. ठाण्यात असं कुणी विचारत नाही.

दर्याचा_लेक
प्रत्येक जण नाही, दादा. मी करावे गावचा. आम्ही कुठून निघून आलो नाही. शहर आमच्यावर येऊन बसलं.

९५ गावांची जमीन घेतली सिडकोने, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली. आमची खाडीची मासेमारी होती, मिठागरं होती आणि खारीतली भातशेती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, त्यात पाच जण गोळीबारात गेले. साडेबारा टक्के जमीन परत मिळायची योजना त्यातून आली. आता नेरूळच्या सोसायटीतला माणूस म्हणतो, 'गाववाले भांडखोर.' ज्याची शेती गेली त्याने आवाज चढवला तर तो त्याचा स्वभाव, आणि ज्याला फ्लॅट मिळाला तो शांत बोलला तर ते त्याचे संस्कार. असं कसं चालेल?

तुमच्या होक्काइदोतही आधीचे लोक होते ना?

तोक्यो_रिटर्न
होते. ऐनू. त्यांची जमीन, शिकार, भाषा सगळ्यांवर गदा आली. तुम्ही हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं. 'वसाहतीचा स्वभाव' म्हणताना तो आलेल्या लोकांपुरताच असतो.

प्राची_ऐरोली
दर्याचा_लेक, तुमचा प्रतिसाद सकाळपासून तीनदा वाचला. आमच्या ऑफिसातही 'लोकल मुलं उर्मट' असं सहज बोललं जातं. यापुढे माझ्यासमोर बोललं गेलं तर मी गप्प बसणार नाही.

खारीतल्या शेतीबद्दल जरा सांगाल?

दर्याचा_लेक
खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा लांब बांध घालतात, आत भात. उधाणाला बांध फुटला की पाणी एकाच्या शेतात शिरत नाही, अख्ख्या खारीत शिरतं, आणि ती जमीन पुढे पीक देत नाही. म्हणून बांध फुटल्याची हाक आली की ताटावरून उठायचं. कुणाशी अबोला असला तरी उठायचं. आजोबा सांगायचे, ज्याच्याशी कोर्टात भांडण त्याच्याच शेजारी उभं राहून चिखल टाकलाय.

सायली_पाचपाखाडी
हे वाचून अंगावर काटा आला, कारण अगदी हाच तर्क चीनमध्ये तपासला गेलाय. थॉमस टॅल्हेल्म यांनी २०१४ मध्ये ११६२ चिनी विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. यांगत्सेच्या दक्षिणेला भात, उत्तरेला गहू. भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं, बांधबंदिस्ती मिळून करावी लागते, मेहनतही गव्हाच्या साधारण दुप्पट. विद्यार्थ्यांना स्वतःचं आणि मित्रांचं जाळं वर्तुळांनी काढायला सांगितलं. गव्हाच्या प्रदेशातल्या मुलांनी स्वतःचं वर्तुळ मित्रांपेक्षा मोठं काढलं. भाताच्या प्रदेशातल्यांनी नाही. आणि यातल्या बहुतेकांनी स्वतः कधी शेती केलेली नव्हती.

घणसोलीकर_सातारी
थांबा थांबा. म्हणजे भातवाला कोकण मिळून-मिसळून आणि ज्वारी-बाजरीवाला घाट एकलकोंडा? आमच्याकडे इर्जिक काय आहे मग? एकाच्या रानात सगळ्या गावाच्या बैलजोड्या, मजुरी नाही, फक्त जेवण. पाणी कमी, पाऊस बेभरवशाचा, तिथे एकमेकांवाचून चालतच नाही. आणि वाशीच्या मार्केटात टोळीने काम करणारे कोण? घाटावरचेच.

संशयात्मा
सातारी, सहमत. शिवाय कोकणातलं बरंचसं भात पावसावरचं. चीनसारखं कालव्याचं पाणी वाटून घ्यायचा प्रश्नच कमी. आणि दक्षिण-उत्तर चीनमध्ये भाताखेरीज हजार फरक आहेत. भाताने माणूस बदलला, की तशी माणसं होती म्हणून भात जमला?

सायली_पाचपाखाडी
सातारी, इर्जिकीचा मुद्दा जबरदस्त आहे. तो सिद्धांत महाराष्ट्राला जसाच्या तसा चिकटवू नये, हे मान्य.

संशयात्मा, त्या शेवटच्या प्रश्नावर २०२४ मध्ये एक अभ्यास आला. चीनच्या निंगशिया प्रांतात सरकारी शेतमळे आहेत. सरकारने लोकांना तिथे नेऊन वसवलं, कुणी कुठल्या मळ्यावर जायचं हे त्यांनी निवडलं नव्हतं. एका मळ्यावर भात, दुसऱ्यावर गहू, हवामान जवळपास सारखं. तरीही भाताच्या मळ्यावरचे लोक मित्राला जास्त धरून राहणारे आणि स्वतःला कमी मोठं काढणारे निघाले. काम माणसाला घडवतं, एवढं तरी यातून ठामपणे म्हणता येतं.

निवृत्त_मास्तर
म्हणजे जागेने माणूस घडतो हे माझं पहिलं वाक्य उभं आहे!

संशयात्मा
जागेने नाही, मास्तर. कामाने.

कांदाभजी
२०११ च्या त्या ३३ देशांच्या अभ्यासात भारत सगळ्यात कडक नियमांच्या देशांत आला होता ना, मिशेल गेलफंड यांच्या? पाकिस्तान आणि मलेशियाच्या पाठोपाठ. पामबीच रोडला उलट्या बाजूने येणारी बाईक पाहिली की मला तो आठवतो.

वऱ्हाडी_खारघर
कांदाभजी, तीच बाईकवाली पोरगी आत्याच्या लग्नात काय नेसायचं हे स्वतः ठरवून दाखवेल का? कडकपणा सिग्नलवर नाही, घरात आहे. मोठ्यांसमोर कसं बसायचं, कुणाच्या आधी जेवायचं, लग्न कुणाशी. त्या मोजणीत माणसांना अशाच प्रसंगांत किती मोकळीक वाटते ते विचारलं असेल तर भारत वर येणारच.

प्राची_ऐरोली
मूळ प्रश्नाकडे येते. तोक्यो_रिटर्न यांचं उत्तर मी साहेबांना सांगितलं, की प्रत्येक जण आपापल्या आजूबाजूच्यांशी तुलना करतो. ते म्हणाले, पुरावा?

सायली_पाचपाखाडी
प्राची, साहेबांचा प्रश्न रास्त आहे. हे तुलनेचं स्पष्टीकरण २१ देशांत तपासलं गेलंय, रेने म्योत्तुस आणि सहकाऱ्यांनी, २०१२ मध्ये. सगळीकडे ३० काल्पनिक माणसांची छोटी वर्णनं वाचायला दिली आणि त्यांना काटेकोरपणाचे गुण द्यायला सांगितले. जर प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी असेल, तर एकाच काल्पनिक माणसाला वेगवेगळे गुण पडायला हवेत. पडले जवळपास सारखेच.

त्याच गटाने मग दुसरी गोष्ट पाहिली, उत्तर देण्याची रीत. काही देशांत लोक टोकाचे आकडे सहज निवडतात, काही देशांत मधलेच. देशांच्या क्रमवारीतला काही भाग या रीतीतून येतो असं दिसलं. तुमच्याकडे मूळ उत्तरपत्रिका आहेत ना? सरासरी सोडा. कोणत्या शाखेने एक आणि पाच किती वेळा निवडलं ते मोजा, पाचही गुणांच्या वाक्यांवर.

प्राची_ऐरोली
मोजलं. तोक्योच्या उत्तरांत बहुतांश तीन, अधूनमधून दोन आणि चार. पाच जवळजवळ नाहीतच, कुठल्याच गुणात नाहीत. ऐरोलीत पाचांचा पाऊस, 'मला नव्या कल्पना आवडतात' पाच, 'मी लोकांना मदत करतो' पाच, 'मी काम वेळेत संपवतो' पाच. आणि प्रकल्पांच्या नोंदीत वेळेवर गेलेल्या कामांची यादी काढली, तर तिच्यात तोक्यो खाली नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून सोमवारी बैठकीत मांडते आहे. देखरेखीचा निर्णय चाचणीवर होऊ नये, एवढं मी लेखी मागणार आहे.

तोक्यो_रिटर्न
मांडाच. आणि एक सुचवू? तिथल्या टीमला बैठकीत सगळ्यांसमोर 'तुम्हाला काय वाटतं' विचारू नका. आधी कागद पाठवा, दोन दिवस द्या. मग सविस्तर उत्तर येईल.

घणसोलीकर_सातारी
आमच्या टोळीत नवा माणूस घेताना मुकादम दोन दिवस बरोबर काम करवून घेतो आणि मग टोळीला विचारतो. साहेबांना तेही सांगा.

दर्याचा_लेक
सायलीताई, ती वर्तुळं काढायची चाचणी आमच्या गावात करता येईल का? आजोबांच्या वयाचे, ज्यांनी खारीचे बांध घातलेत, आणि माझ्या वयाचे, ज्यांनी बांध पाहिलाच नाही. शेजारी नेरूळची सोसायटीही घ्या.

सायली_पाचपाखाडी
का नाही? माझ्या एम.ए.च्या विद्यार्थिनी प्रबंधाला विषय शोधतच आहेत. कागद, पेन्सिल आणि बोलायला तयार माणसं लागतील. म्हातारी माणसं वर्तुळं काढायला लाजतात, म्हणून गावातली एखादी मुलगी बरोबर हवी.

दर्याचा_लेक
माझी बहीण येईल, ती बारावीला आहे. पण शिमगा होऊ द्या. त्याच्या आधी गावात कुणी जागेवर सापडणार नाही.